कालवांच्या माळांखाली तिसऱ्या मरतात का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमचा दहा जणींचा बचतगट आहे, देवगडकडच्या खाडीत बांबूचे मांडव घालून, त्यांना माळा टांगून कालवं वाढवायची आहेत, आणि वाडीतल्या वयस्कर बायका म्हणतायत की कालवांची घाण खाली पडून तळातले तिसऱ्या, खुबे हे शिंपले मरतील. प्रशिक्षणात मात्र तुम्हाला सांगितलं गेलं की कालवं पाणी साफ करतात, त्यांच्यामुळे नुकसान होऊच शकत नाही. खरं कोणाचं, आणि उद्या मांडव काढला तर तळ पहिल्यासारखा होतो का, असं तुम्ही विचारलंय.

खाडीच्या तळातला चिखल चाळून त्यात राहणारे प्राणी मोजायचे, हे काम मी वीसेक वर्षं करते आहे. बहुतेक रत्नागिरी-सिंधुदुर्गात, काही काळ गोव्यात. त्या बायकांची काळजी पोकळ नाही, हे आधी सांगते. मात्र तिसऱ्यांना धोका फक्त घाणीचा असतो असं नाही, आणि बऱ्याचदा घाण हा त्यातला मोठा भागही नसतो. तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. कालवांखालच्या तळाचं काय होतं, हा एक. तो तळ आज कोणाच्या पोटापाण्याचा आहे, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर पाण्याच्या ओढीवर अवलंबून आहे आणि तुमची खाडी मी पाहिलेली नाही, म्हणून ओढ कशी बघायची ते खाली सांगते. दुसऱ्याचं उत्तर तुम्हाला वाडीत बसूनच मिळवावं लागेल.

कालव एका जागी चिकटून बसतं आणि कल्ल्यांमधून सतत पाणी ओढतं. पाण्यातलं सूक्ष्म वनस्पतिप्लवक हे त्याचं अन्न. पण आपल्या खाड्यांचं पाणी गढूळ, त्यामुळे अन्नाबरोबर मातीही आत येते. नको असलेली माती ते चिकट स्रावात गुंडाळतं आणि पोटात न घेताच बाहेर टाकतं. हिला आम्ही आभासी विष्ठा म्हणतो. शिवाय पोटातून गेलेली खरी विष्ठा असतेच. दोन्हींचे बारीक गोळे बनतात, आणि पाण्यात तरंगणारे सुटे कण जितक्या सावकाश खाली बसतात त्याच्या कितीतरी आधी हे गोळे तळाला पोचतात. कालवं पाणी साफ करतात हे बरोबरच आहे. फक्त पाण्यातून काढलेलं नाहीसं होत नाही, ते खाली जातं.

एक कालव दिवसाला १९० लिटर पाणी गाळतं, हा आकडा तुमच्याही कानावर आला असेल. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मोठ्या कालवाचा, सगळं अनुकूल असतानाचा तो कमाल आकडा आहे. पन्नास गॅलनचे लिटर करून तो जगभर फिरतो. प्रत्यक्षात पाणी किती गढूळ, किती खारं, किती गरम, कालव केवढं, यावर हे प्रमाण बरंच खाली येतं. तो आकडा धरून पुढचे हिशेब करू नका.

इथे माशांच्या पिंजऱ्याशी एक मोठा फरक आहे आणि तो कालवांच्या बाजूचा आहे. पिंजऱ्यातल्या माशांना आपण बाहेरून खाद्य आणून घालतो, त्यातलं उरलेलं खाली पडतं, म्हणजे खाडीत नवीन भर पडते. कालवांना काही घालावं लागत नाही. खाडीत पसरलेलं जे आहे तेच ती गोळा करतात आणि एका जागी टाकतात. काढणी झाली की मांसाबरोबर थोडा नायट्रोजन खाडीबाहेरच जातो. म्हणून संपूर्ण खाडीचा हिशेब मांडला तर कालवं बहुधा फायद्याची ठरतात. मांडवाखालच्या वीस-पंचवीस चौरस मीटर जागेचा हिशेब वेगळा लागू शकतो. हे दोन हिशेब एकमेकांत मिसळले की तुमच्या वाडीत झालाय तसा वाद होतो.

तळावर सेंद्रिय गाळ साचायला लागला की पुढे काय होतं, ते बऱ्यापैकी ठरलेलं आहे. पिअरसन आणि रोझेनबर्ग या दोघांनी १९७८ मध्ये त्याचा क्रम मांडला आणि आजही आम्ही तोच डोळ्यांसमोर ठेवून नमुने वाचतो. थोडा गाळ आला तर तळाची चंगळ होते. खाणारे वाढतात, प्राण्यांचे प्रकारही वाढू शकतात. गाळ आणखी वाढला की तो कुजवणारे जिवाणू चिखलातला प्राणवायू संपवतात. मग प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर काम चालवतात, आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो विषारी असतो. खोल बिळं करून राहणारे मोठे, सावकाश वाढणारे प्राणी पहिले जातात. पाणी गाळून खाणाऱ्या शिंपल्यांनाही बारीक गाळाचा त्रास होतो. त्यांच्या जागी गाळ खाणारे छोटे, लवकर वाढणारे किडे येतात. कॅपिटेला नावाचा लालसर, दोऱ्यासारखा किडा त्यांतला सगळ्यांत प्रसिद्ध. चाळणीत तो शेकड्यांनी आणि बाकी कोणी नाही, असं दिसलं तर तळ आजारी आहे हे मोजायच्या आधीच कळतं. त्याही पुढे गेलं तर तळ रिकामा.

कालवांखाली गोष्ट कुठपर्यंत जाते? इंग्लंडमध्ये एक्स नदीच्या मुखाशी कालवांची लोखंडी टेबलं होती. तिथल्या १९९६ च्या अभ्यासात दिसलं की टेबलांमुळे पाण्याचा वेग कमी झाला, गाळ जास्त बसू लागला, चिखलातला प्राणवायूचा थर पातळ झाला. प्राण्यांमधला बदल मात्र छोटाच होता. फ्रान्समधल्या आर्काशोंच्या उपसागरात कालवांच्या वाफ्यांमध्ये डोळ्यांना जेमतेम दिसणारे सूक्ष्म प्राणी वाढले आणि मोठे घटले. टास्मानियात वर्षानुवर्षं चाललेल्या शिंपलेशेतांखाली फार थोडा फरक सापडला. न्यूझीलंडच्या कॉथ्रॉन संस्थेतल्या संशोधकांनी २००९ मध्ये अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. गाळामुळे तळावर होणारा परिणाम बहुतेक ठिकाणी मांडवाच्या आसपासच राहतो आणि माफक असतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. कालवांबरोबर नको ते जीव नव्या ठिकाणी पोचतात, हा धोका त्यांना त्याहून मोठा वाटला. त्या धोक्याकडे मी शेवटी येते.

उलटं उदाहरणही आहे. दक्षिण फ्रान्समधल्या थो नावाच्या खाजणात कालवांची मोठी शेती आहे. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळपास नाहीच, म्हणून पाणी हलतं ते मुख्यतः वाऱ्याने. कडक उन्हाळ्यात वारा पडला की तळाचा प्राणवायू संपतो आणि पाणी पांढुरकं होतं. तिथले लोक या संकटाला 'मालेग' म्हणतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये असंच झालं आणि कालवं आणि शिणाणे, म्हणजे झुपक्यांनी वाढणारे शिंपले, मोठ्या प्रमाणात मेले. उष्णता हे त्याचं मोठं कारण होतं, सगळा दोष शेतीवर टाकता येणार नाही. तरी साठलेला सेंद्रिय गाळ आणि थांबलेलं पाणी एकत्र आलं की काय होतं ते तिथे दिसतं. तळाबरोबर वरचं पीकही जातं.

एक्स, टास्मानिया आणि थो यांच्यात फरक पडतो तो मुख्यतः पाणी किती हलतं आणि कालवं किती दाटीने आहेत यामुळे. तुमच्या खाडीसाठी एक साधा हिशेब करून बघा. समजा, विष्ठेचा गोळा सेकंदाला एक सेंटिमीटर या वेगाने खाली जातो. माळांखाली दोन मीटर पाणी असेल तर त्याला तळाला पोचायला २०० सेकंद लागतील. पाण्याची ओढ सेकंदाला २० सेंटिमीटर असेल तर तेवढ्या वेळात तो ४० मीटर वाहून जाईल. ओढ फक्त दोन सेंटिमीटर असेल तर चारच मीटर, म्हणजे जवळपास मांडवाखालीच पडेल. कालवं तेवढीच, घाणही तेवढीच, पण एका ठिकाणी ती दहापट जागेवर पातळ पसरते आणि दुसऱ्या ठिकाणी ढीग होतो. शिवाय ओढ जोराची असेल तर खाली पडलेलंही पुढच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, उचललं जातं.

ओढ मोजायला यंत्र लागत नाही. अर्धवट बुडणारा असोला नारळ, वीस मीटर दोरी आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरे. नारळ सोडा, दोरीएवढं अंतर जायला किती सेकंद लागतात ते बघा. हे उधाणाच्या दिवशी करून थांबू नका. अमावस्या-पौर्णिमेला प्रत्येक खाडी वाहते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरती आणि सुकती दोन्ही वेळी मोजा. भांगाच्या सुकतीलाही नारळाने वीस मीटर तीन-चार मिनिटांत कापले तर जागा चांगली आहे. नारळ एकाच जागी गिरक्या घेत राहिला तर तिथे मांडव घालू नका, मग किनारा कितीही जवळ असो आणि पाणी कितीही शांत, सोयीचं वाटो. तीन-चार मिनिटांचा हा अंदाज माझ्या अनुभवातला आहे, तो कुठल्या नियमातला नाही. मला तो आजवर उपयोगी पडलाय.

मांडवाची लांब बाजू पाण्याच्या ओढीला समांतर ठेवा. आडवा मांडव म्हणजे पाण्याला घातलेलं कुंपण. बांबू, दोऱ्या आणि त्यांवर चिकटून बसलेले काकयसारखे जीव, शेवाळ मिळून पाणी अडवतात आणि मग कालवांनी टाकलेल्या गाळात नदीचा गाळही येऊन बसतो. काही मांडवांखाली मी जो उंचवटा पाहिला तो बराचसा या दुसऱ्या गाळाचा होता. लोक त्याला कालवांची घाण म्हणत होते. माळांचं टोक तळापासून हातभर तरी वर राहील असं बघा, सुकतीच्या वेळीसुद्धा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे जी फ्रान्स-इंग्लंडच्या अभ्यासांत सापडणार नाही, ती म्हणजे पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या खाड्यांच्या वरच्या भागात पाणी जवळपास गोडं होतं आणि तळाचा चिखल खरवडला जातो. गोव्यात मांडवी आणि जुवारीच्या तळाचा अभ्यास राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९७० च्या दशकापासून केलाय. पावसात तळाचे प्राणी एकदम घटतात आणि ऑक्टोबरनंतर पुन्हा भरतात, हे तिथे परत परत दिसलंय. आपल्या तळाला दर वर्षी एकदा पाटी पुसून नव्याने लिहायची सवय आहे. पावसाआधी कालवं काढली आणि मांडव मोकळा केला तर सात-आठ महिन्यांत साठलेलं बरंचसं पूर घेऊन जातो. मला काळजी वाटते ती एप्रिल-मेची. पाणी तापलेलं असतं, वरून नदी येत नाही, कालवं पूर्ण वाढलेली, म्हणजे सगळ्यांत जास्त खाणारी आणि टाकणारी. भाव वाढेल म्हणून काढणी जूनपर्यंत लांबवायचा मोह होतो. तळाच्या दृष्टीने हेच महिने सगळ्यांत जड असतात. तयार झालेल्या माळा मार्चपासूनच थोड्या थोड्या काढत राहा.

आता वासाबद्दल, कारण वाडीतला वाद बहुतेक तिथेच पेटतो. 'मांडवाखालचा चिखल काळा झाला, सडक्या अंड्याचा वास येतो, म्हणजे कालवांनी खाडी नासवली.' कांदळवनाच्या खाडीत चिखल मुळातच काळा असतो. तिवराची, चिपीची पानं त्यात पिढ्यान्पिढ्या कुजत आलीत. कोकणात कुठेही गुडघाभर चिखलात पाय घाला, तो वास येईलच. वरचा तपकिरी थर किती जाड आहे ते बघा. दोन इंच व्यासाची पारदर्शक प्लॅस्टिकची नळी चिखलात वीतभर खुपसा, वरचं तोंड तळहाताने दाबून वर काढा आणि पट्टी लावून मोजा. वरचा तपकिरी भाग म्हणजे प्राणवायू पोचतो तो चिखल, खालचा काळा म्हणजे पोचत नाही तो. प्राणी बिळं करून पाणी खाली नेत असतील तर काळ्या भागातही तपकिरी रेघा उतरलेल्या दिसतात. मला त्या रेघा फार आवडतात. एका नळीत तळाची तब्येत दिसते. मांडवाखाली तपकिरी थर दोन सेंटिमीटर आणि बाहेरही दोनच, तर चिंतेचं कारण नाही. बाहेर दोन आणि मांडवाखाली शून्य, वर पांढऱ्या सायीसारखा जिवाणूंचा पापुद्रा, असं दिसलं तर अर्ध्या माळा त्याच आठवड्यात हलवा.

वीस वर्षांत मी तळाचं जे नुकसान पाहिलं त्यात पायांनी केलेलं बरंच होतं. मांडव बांधताना, माळा साफ करताना, काढणी करताना आठ-दहा माणसं त्याच वाटेने महिनोन्महिने जातात. मऊ चिखल तुडवला की बिळं बुजतात, तिसऱ्यांची लहान पिल्लं खोल दाबली जातात आणि वर येऊ शकत नाहीत. एका खाडीत आम्ही नमुने घेतले तेव्हा सगळ्यांत गरीब तळ मांडवाखाली नव्हता. किनाऱ्यापासून मांडवापर्यंतच्या पायवाटेवर होता. तिथे ना किडे, ना खुबे. उपाय सोपा आहे. जायची-यायची एकच वाट ठरवा, शक्य तिथे होडीने जा, आणि काम भरतीला होडीतून होत असेल तर सुकतीला चिखलात उतरून करू नका.

मांडवाची दुसरी बाजूही सांगायला हवी. चिखलाच्या खाडीत चिकटायला कठीण जागा दुर्मीळ. बांबू आणि कालवांचे झुपके म्हणजे नवी वस्तीच. काकय, शिणाणे, छोट्या कोलंब्या, किडे त्यात घर करतात. त्यांच्या मागे काळुंदर, तांबोशी, गोबरे येतात आणि खाली कुर्ल्या जमतात. गरी टाकणारी पोरं मांडवाशेजारीच बसतात ती उगाच नाही. पण कुर्ल्या शिंपले फोडून खातात. मांडवाशेजारी तिसऱ्या कमी दिसल्या तर त्या गुदमरल्या की खाल्ल्या गेल्या हे नुसतं बघून कळत नाही. फोडलेल्या कडांची कवचं पडली असतील तर कुर्लीकडे बोट जातं. दोन्ही शिंपा बिजागरीला जोडलेल्या, उघड्या आणि अखंड असतील तर गुदमरल्या असण्याची शक्यता जास्त.

म्हणजे गाळ, पाण्याचा अडथळा, पाय आणि नव्याने जमलेले खाणारे, असे चार धागे आहेत. ते सुटे करायचे तर मांडव घालायच्या आधीचा तळ मोजलेला हवा. त्याशिवाय पुढे कोणीच काही सिद्ध करू शकणार नाही, तुम्हीही नाही आणि त्या बायकाही नाहीत. हे मी स्वतः चूक करून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एका खाडीत मला तक्रारीनंतर बोलावलं. मांडव दोन वर्षं जुने होते. मी खाली खोदलं, तिसऱ्या जवळजवळ नव्हत्या, शंभर मीटरवर भरपूर होत्या. मी अहवालात मांडवाला दोष दिला. नंतर एका आजींनी मला हात धरून नेलं आणि दाखवलं की मांडवाची जागा मुळातच मऊ लोण्यासारख्या चिखलाची होती आणि शंभर मीटरवरची रेवेची. "तिसरी चिखलात ऱ्हवता काय गे?" असं त्या म्हणाल्या. मी दोन वेगळ्या जमिनींची तुलना केली होती. तो अहवाल मी दुरुस्त करून दिला, पण तोवर त्या गटाचं एक वर्ष वाया गेलं होतं.

म्हणून मोजणी अशी करा. सळीची २५ सेंटिमीटरची चौकट बनवा. ती चिखलावर टाका, आतला चिखल वीतभर खोल उपसा आणि खाडीच्याच पाण्यात पिठाच्या चाळणीने चाळा. जिवंत तिसऱ्या, खुबे, मुळे असे शिंपले मोजा, प्रत्येकाची लांबी पट्टीवर घ्या, आणि किडे किती प्रकारचे दिसतात तेवढं लिहा. नावं माहीत नसली तरी चालेल, 'लाल बारीक', 'पायवाला जाड', 'नळीत राहणारा' असे गट पुरतात. अशा सोळा चौकटी म्हणजे एक चौरस मीटर. मांडवाच्या ठरलेल्या जागी पाच चौकटी, तिथून वीस मीटरवर पाच, आणि चिखल व खोली अगदी तशीच असेल अशा दोन लांबच्या जागी पाच-पाच. लांबच्या जागा दोन हव्यातच. एकच असेल आणि तिथे योगायोगाने तिसऱ्यांचं पीक आलं किंवा गेलं तर सगळा निष्कर्ष फसतो. मांडव घालण्याआधी एकदा, फेब्रुवारीत एकदा, काढणीच्या सुमारास एकदा, आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात एकदा मोजा. तिसऱ्या सगळीकडेच कमी झाल्या तर कारण पाऊस किंवा जास्त उपसा. फक्त मांडवाखाली कमी झाल्या तर कारण तुमच्यापाशी आहे.

ही मोजणी त्या बायकांना सोबत घेऊन करा, माझा हा सगळ्यांत कळकळीचा सल्ला आहे. तिसऱ्या कुठे असतात, कोणत्या महिन्यात पिल्लं दिसतात, कुठली जागा दहा वर्षांपूर्वी भरलेली होती, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. चौकट त्यांच्या हातात द्या, आकडे त्यांच्यासमोर वहीत लिहा. आणि ज्या जागेवर आज त्या बसून तिसऱ्या काढतात ती मांडवासाठी मागूच नका. तिथे तुमच्या कालवांनी तळाला काहीही इजा केली नाही तरी त्यांची जागा जातेच, कारण बांबूंच्या मधे बसून कोणी तिसऱ्या काढू शकत नाही. त्या घाणीबद्दल बोलतात तेव्हा कितीदा तरी त्यांना हेच सांगायचं असतं. कालवांना रेव लागत नाही, ती चिखलावर लटकूनही वाढतात. तिसरीला रेव किंवा वाळूमिश्रित तळ लागतो. मऊ चिखलावरची, चांगल्या ओढीची जागा निवडली तर दोघांचं भांडणच उरत नाही.

सरकारच्या २०१७ च्या कांदळवन संरक्षण व उपजीविका योजनेतून गट पुढे येतायत ही चांगलीच गोष्ट आहे. तुमच्या मांडवामुळे तिसऱ्यांच्या खाद्यावर काही परिणाम होईल असं मला वाटत नाही. पण तुमचं बघून आणखी दहा गट आले आणि सगळे एकाच वळणात बसले, तर वरचं प्लवक कालवंच संपवतील आणि खालच्या तिसऱ्या व तुमची स्वतःची कालवं दोन्ही रोड राहतील. कालवं भरायला आदल्या वर्षीपेक्षा जास्त महिने लागायला लागले तर ती त्याचीच खूण समजा. तेव्हा माळा वाढवू नका, कमी करा.

बीजाबद्दल, म्हणजे कालवांच्या लहान पिल्लांबद्दल थोडक्यात, पण हे टाळू नका. केरळात कोचीच्या बॅकवॉटरमध्ये आणि अष्टमुडी तलावात गेल्या काही वर्षांत मायटेला नावाचा अमेरिकेतला शिंपला शिरलाय. दिसायला छोट्या काळपट शिणाण्यासारखा. तो झुपक्यांनी वाढतो, कालवांच्या माळा झाकतो आणि तळावर गालिच्यासारखा पसरून तिसऱ्यांची जागा घेतो. अष्टमुडीच्या तिसऱ्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये टिकाऊ मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं होतं, भारतातलं ते पहिलं. त्याच तलावावर ही आपत्ती आली. म्हणून तिकडून कालवांचं बीज, वापरलेल्या दोऱ्या, जुने तराफे काहीही आणू नका, स्वस्त मिळालं तरी. पाऊस सरल्यावर कालवांच्या रिकाम्या शिंपा दोरीत ओवून तुमच्याच खाडीत टांगा, तुमच्याच खाडीचं बीज त्यांवर बसेल. तळाच्या प्राण्यांसाठी याहून महत्त्वाची खबरदारी नाही. गाळ पुरात निघून जातो, असा शिंपला एकदा बसला की जात नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न, मांडव काढल्यावर तळ पूर्ववत होतो का. ओढीच्या जागी आणि पावसाळा मधे आला तर बहुतेक होतो. किडे काही महिन्यांत परततात, कारण त्यांची पिल्लं पाण्यातून सतत येतच असतात. तिसऱ्या-खुब्यांना वेळ लागतो. त्यांचं पिल्लू बसायला हवं, आणि हाताला लागेल एवढं वाढायला आणखी एक-दोन हंगाम. थांबलेल्या पाण्याच्या कोपऱ्यात हे सगळं लांबतं. माळांवरून गळून पडलेल्या शिंपा मात्र तिथेच राहतात. थोड्या असतील तर कुर्ल्यांना आडोसा होतो. पण थर झाला तर त्याखाली तिसरी शिरू शकत नाही आणि वरून चालणाऱ्या बाईचे पाय कापतात. काढणीच्या दिवशी होडीत दोन टोपल्या जास्तीच्या ठेवा, सुकतीला मांडवाखालच्या शिंपा गोळा करा आणि पुढच्या हंगामाच्या माळांना त्याच वापरा.